जॉबरभाऊंचे पाहुणे

"बोला बाई, एक कान खाली केला."

असं म्हणत जॉबरभाऊ माझ्या टेस्टिंगच्या खोलीच्या दारात उभे राहायचे. आमच्या सूतगिरणीत रिंगफ्रेमच्या, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांच्या, खात्याचा आवाज इतका, की तिथली सगळी माणसं कानात रुईचे बोळे घालून काम करायची. बाहेर आली की दोन्ही बोळे काढून खिशात टाकायची. जॉबरभाऊ मात्र आधी समोरच्याचं तोंड न्याहाळत. तोंड उतरलेलं दिसलं, तर एकाच कानातला बोळा काढत. "वाईट गोष्ट एकाच कानानं आयकावी बाई. दोन्हीनं आयकली का डोक्यात ठान मांडते." चांगली बातमी असेल तर दोन्ही कान मोकळे! त्या काळात त्यांचे दोन्ही कान मोकळे झालेले मी फार कमी वेळा पाहिले.

जॉबर म्हणजे खात्याचे प्रमुख असलेले मास्तर आणि कामगार यांच्या मधला माणूस. मशीनचा पट्टा तुटला तरी त्यालाच हाक, आणि मशीनवरची बाई रडायला लागली तरी त्यालाच. आमची गिरणी पांढरकवड्याच्या रस्त्याला, गावाबाहेर. मी यवतमाळची. आमच्या घरातले सगळे कचेरीत नाहीतर कोर्टात चिकटलेले. मी सूतगिरणीत लागले तेव्हा थोरल्या काकांनी घरात अबोला धरला होता. मुलीची जात आणि गिरणीत! मी म्हटलं, बसा रुसून. माझं काम सूत तपासायचं. धागा किती जाड, किती बारीक, किती ताण सोसतो, ते बघून पास-नापास सांगायचं.

जॉबरभाऊ केळापूरजवळच्या एका बंजारा तांड्यातले. उंच, वाळकुडे, मिशी पांढरी आणि भुवया काळ्याभोर. "आमचे आजे-पंजे बैलाच्या पाठीवर मीठ लादून सारा मुलूख हिंडले," ते सांगायचे. "मी मानसं आनून राह्यलो. धंदा तोच, बाई. माल बदलला."

आणि ते खरंच होतं. गिरणी नवी होती तेव्हा तिला हात हवे होते, आणि आजूबाजूच्या गावांत कोणी आपली पोर यंत्रापाशी पाठवायला तयार नव्हतं. तेव्हा जॉबरभाऊ सायकल घेऊन निघाले. तांडे पालथे घातले, पार झरीच्या जंगलातल्या पोडांपर्यंत, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांपर्यंत गेले. अंगणात बाजेवर बसायचं, काळा चहा प्यायचा आणि घरातल्या म्हातारीला सांगायचं, "याडी, तुही पोरगी माह्या संगं येईन अन् माह्या संगं वापस येईन. माहा शब्द." त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. त्या एका शब्दावर आमचं अर्धं खातं भरलं होतं. ऑफिसातल्या कोणाच्या शब्दावर एक मांजरही आलं नसतं.

शब्द दिला होता ना, म्हणून काळजीही त्यांनीच वाहायची. एखादी बाई आली नाही, की यांच्या पोटात गोळा. "साप चावला असन. नाल्याले पूर आला असन." पाळी संपली की सायकल काढून थेट तिच्या घरी. तिथे ती भाचीच्या हळदीत नाचत असायची. दुसऱ्या दिवशी मी विचारायची, "काय भाऊ, कितपत चढलं होतं विष?" ते ओशाळं हसायचे. "हसा बाई, हसा. माह्या पोटात त धकधक होऊन राह्यली होती." मी म्हणायची, "तुमच्या पोटात धकधक नसेल त्या दिवशी सांगा. मी पेढे वाटते."

एकदा मात्र मी हसले नाही. लाइट गेली आणि सगळं खातं एकदम थांबलं. सवय नसलेल्या माणसाला ती शांतता नकोशी होते. बाहेर येऊन पाहते, तर जॉबरभाऊ भिंतीला टेकून उभे, डोळे मिटलेले. म्हटलं, बरं वाटत नाही का? तर म्हणाले, "बाई, बंद पडली का अशीच चूप होईन नं आपली गिरनी?" लाइट अर्ध्या तासात आली. माझ्या मनातून तो प्रश्न काही गेला नाही.

कारण ते दिवसच तसे होते. कापसाचे वाईट दिवस. कापूस आमच्याच जिल्ह्यात पिकायचा, बाजारात त्याला विचारणारं कोणी नसायचं, आणि त्याच कापसाचं सूत करून आम्ही विकायला गेलो, तर व्यापारी म्हणायचे, बाहेरदेशचं सूत याहून स्वस्त येऊन राह्यलं. सूत गुंडाळलेल्या कोनांच्या पेट्या गोदामात चढत गेल्या. आसपासच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्याच्या बातम्या यायच्या. आमची रात्रपाळी बंद झाली. रोज सकाळी गेट उघडं दिसलं, की मला हायसं वाटायचं. खोटं कशाला सांगू, मलाही दुसरी नोकरी कोण देणार होतं?

अशात मॅनेजरसाहेबांनी एक पार्टी गाठली. दक्षिणेकडची कंपनी. ते आम्हाला स्वतःचा कापूस देणार, आम्ही सूत करून द्यायचं, ते परदेशात पाठवणार, आणि आम्हाला किलोमागे ठरलेला दर मिळणार. ही ऑर्डर मिळाली तर गिरणी तगणार होती, नाहीतर कुलूप. मॅनेजरसाहेबांनी हे स्वच्छ शब्दांत सगळ्यांना सांगितलं. पार्टीचा माणूस गिरणी बघायला येणार होता, आणि त्याच्याबरोबर ज्यांना सूत जायचं होतं त्या परदेशी कंपनीचा एक गोरा साहेब.

जॉबरभाऊ त्या दिवशी माझ्याकडे आले ते दोन्ही कान मोकळे करून.

"बाई, पाहुने येऊन राह्यले म्हनते."

"येताहेत."

"मंग मानसं पाह्यजेत. पोरगी पाह्याले पाहुने आले अन् अंगनात चार मानसं नाई दिसले, त सोयरीक होते का? म्हनतीन, याहीचं कोनीच नाई."

मी म्हटलं, "भाऊ, ही गिरणी आहे. सोयरीक नाही." मीसुद्धा ते हसण्यावारीच नेलं. मॅनेजरसाहेब फरशा धुऊन घेण्यात आणि भिंतींना चुना लावण्यात गुंतलेले. जॉबरभाऊंची सायकल पुन्हा तांड्या-तांड्यांतून फिरत होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

पाहुणे आले त्या सकाळी मी गेटवर उभी होते, कारण त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला मला नेमलं होतं. आणि मी बघतच राहिले. पहिली पाळी तर आलीच होती, दुसऱ्या पाळीचीही सगळी माणसं हजर. सुट्टीवरची हजर. रात्रपाळी बंद झाल्यावर घरी बसलेलीसुद्धा हजर! बायकांनी ठेवणीतली लुगडी काढली होती, केसांत फुलं माळली होती. तांड्यातल्या दोन म्हाताऱ्या आरशांच्या कांचळ्या, म्हणजे चोळ्या, घालून आल्या होत्या. त्या कोणाच्या आया होत्या, गिरणीशी त्यांचा काही संबंध नव्हता. एकेका मशीनभोवती माणसांचा घोळका. धागा तुटला रे तुटला, की तो जोडायला पाच हात पुढे. आमच्या मास्तरांनी कपाळाला हात लावला. पण पाहुणे दारातून आत आले होते.

गोरा साहेब खूश झाला. फोटो काढले, म्हाताऱ्यांना हात जोडले. जॉबरभाऊ त्याला एकेकीजवळ नेऊन नाव सांगत होते आणि मी भाषांतर करत होते. "हे लीला. झरीकडची. हिच्यावानी हात कोनाचाच चालत नाई." लीला लाजून फ्रेमच्या आड गेली. पार्टीचा माणूस मात्र बोलत नव्हता. बारीक चणीचा, चष्मा लावलेला, हात मागे बांधून चालणारा. चालता चालता त्याने हिंदीत विचारलं, "एक फ्रेम पे कितने लोग लगते हैं?"

जॉबरभाऊंची छाती फुगली. "साहेब, तुम्ही म्हनान तितके! उद्या आनखी आनतो!"

मी याचं भाषांतर केलं नाही. करायची गरज नव्हती, त्याला कळलं होतं.

केबिनमध्ये चहा घेताना तो माणूस अगदी शांतपणे बोलला. "आपके यहाँ मजूरी सस्ती है. मगर सूत महँगा है." मॅनेजरसाहेब म्हणाले, हे कसं? तो म्हणाला, तिकडे दुसऱ्या देशांत एका बाईला तुमच्या बाईपेक्षा कितीतरी जास्त पगार आहे. पण तुमच्या चार जणी जितक्या फ्रेम बघतात, तितक्या ती एकटी बघते. मग किलोमागे मजुरी कोणाची कमी पडली? मी पगार विकत घेत नाही, मी सूत विकत घेतो. इतक्या माणसांचा बोजा असेल तर मला तुमचा दर परवडणार नाही. पुन्हा एकदा येईन, तेव्हा बघू. असं म्हणून त्याने बिस्कीटही न घेता कप खाली ठेवला.

ते गेल्यावर जॉबरभाऊ आले. माझं तोंड बघितलं आणि एकच बोळा काढला. मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजे आमच्या बाया पगार कमी घेते म्हनून महाग?"

"तसं नाही हो. असं बघा, एका घरात एक सून अख्ख्या घराच्या भाकरी थापते. शेजारच्या घरात तेवढ्याच भाकरीला चार सुना. चौघी कमी खातात, पण शेवटी चार तोंडं ना?"

"मंग तिकडच्या बायायले का चार हात आहे?"

मला राग आला, त्यांचा नाही, सगळ्याचाच. मी म्हटलं, "हात दोनच आहेत भाऊ. तिथे मशीन नवं आहे, धागा तुटत नाही. आपल्या फ्रेम जुन्या. हवेत ओल ठेवायचं यंत्र केव्हाचं बंद पडलंय. उन्हाळ्यात धागा कडकडीत होऊन सारखा तुटतो. आपल्या बायकांचा सगळा दिवस तुटलेलं जोडण्यात जातो. त्यांची काही चूक नाही."

हे त्यांनी ऐकलंच नाही. त्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं, की आपण माणसं गोळा केली आणि सोयरीक मोडली. दुसऱ्या दिवसापासून ते खात्यात कोणाशी बोलेनात. बायका म्हणायच्या, भियाले काय झालं? भिया म्हणजे भाऊ. डबा तसाच परत न्यायचे. एकदा मी दटावून समोर बसवलं, तर भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "बाई, मी इतक्या घरी शब्द देल्ला. गिरनी बंद पडली त त्या याडीयले काय तोंड दाखवू?" तुकडा परत डब्यात ठेवला.

पाहुणे पुन्हा येणार असा निरोप आला तो एप्रिलमध्ये. जॉबरभाऊ लगबगीनं मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. मीही तिथेच होते.

"साहेब, त्यायले कमी मानसं पाह्यजेत नं? मंग कमी दाखवू. बाकीचे गोदामात बसवतो."

मॅनेजरसाहेबांनी आधी हात झटकले. मग उठून केबिनचं दार लावलं. मग म्हणाले, "गप्प बसतील?"

"दोन घंट्याचा खेळ आहे. पाहुने गेले का आपलं घर आपल्यालेच. ऑर्डर त भेटन!"

तसं ठरलं. त्या दिवसासाठी राखून ठेवलेला चांगला कापूस लावायचा, म्हणजे धागा कमी तुटेल. चांगल्या चालणाऱ्या फ्रेमच चालवायच्या. फरशीवर रात्रभर पाणी मारायचं, म्हणजे हवेत ओल राहील. आणि एकेका बाईने नेहमीच्या दुप्पट फ्रेम बघायच्या, दोन तास, जीव खाऊन. मशीनवर कोण आणि गोदामात कोण, हे जॉबरभाऊंनी निवडायचं.

ती निवड मी पाहिली. गंमत म्हणजे भांडण झालं ते गोदामात बसायला! मशीनवर पळापळ, गोदामात आराम, मग मशीनवर कोण जाईल? ज्यांचे पाय दुखतात, ज्यांचं वय झालंय, ज्यांच्या अंगावर पिणारं पोर आहे, त्या सगळ्यांना जॉबरभाऊ म्हणाले, तुम्ही टेका. लीलाचे पाय सुजले होते. मास्तर म्हणाले, तिला मशीनवर घ्या, सगळ्यांत तेज तीच आहे. जॉबरभाऊंनी ऐकलं नाही. "पायतानात पाय जाऊन नाई राह्यला तिचा. दोन घंटे झोपू द्या तिले." लीलाने त्यांच्याकडे बघून असे हात जोडले, की सगळ्या हसल्या.

आणि ते स्वतः गोदामात बसणार म्हणाले. मास्तर चिडले, खात्यात जॉबर नको का? "खात्यात तुम्ही आहा नं मास्तर. तथी गोदामात मी नसलो त कोनीतरी खोकलन नाईतर हासन."

पाहुण्यांची गाडी आली तेव्हा आवार एकदम साफ होतं. खात्यात शिरले तर मलाच ओळखू येईना. रिकाम्या रिकाम्या वाटा, आणि त्यातून मोजक्या बायका वाऱ्यासारख्या धावत होत्या. बोटं चालत होती, घाम निथळत होता, तोंडातून शब्द नाही. त्या मान वर करून बघतही नव्हत्या. मला अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. म्हटलं, देवा, एखादी चक्कर येऊन पडायची. पार्टीचा माणूस एका जागी उभा राहून कितीतरी वेळ नुसता बघत होता. या खेपेला त्याने हात मागे बांधले नव्हते.

केबिनमध्ये त्याने स्वतःहून बिस्कीट घेतलं. "यही मुझे देखना था. पिछली बार तो शादी का घर लग रहा था." गोरा साहेबही हसला. ऑर्डर नक्की झाली. मॅनेजरसाहेबांचा जीव भांड्यात पडला, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. मलाही नाचावंसं वाटलं. मग तो माणूस चहा ढवळत म्हणाला, दर मी आज बघितलेल्या माणसांवर लावतोय. इतकीच माणसं, हाच वेग. याहून एक माणूस जास्त दिसला तर दर मोडला, ऑर्डर गेली. उद्यापासून माझा माणूस तुमच्या गेटवर बसेल.

मॅनेजरसाहेब "हो हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

पाहुणे जेवायला थांबणार होते. गेस्ट हाउस गेटच्या अगदी समोर. मॅनेजरसाहेब मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "गोदामातल्या लोकांना मागच्या कुंपणाच्या तारेतून बाहेर काढा. आत्ता. गेटकडे कोणी येता कामा नये."

"आणि उद्या?" मी विचारलं.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही ऐकलंत ना सगळं." त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं, पण त्यांचा उतरलेला चेहरा बघून तेही जमेना.

गोदामाचा छोटा दरवाजा मी उघडला, तशी आतली गरम हवा तोंडावर आली. पत्र्याचं छप्पर, एप्रिलचं ऊन, आणि कापसाच्या गाठींच्या मधून पस्तीस-चाळीस माणसं बसलेली. बायका पदराने वारा घेत होत्या. एक म्हातारा हात मागे बांधून त्या चष्मेवाल्याची नक्कल करून दाखवत होता आणि सगळ्या तोंडात पदर कोंबून हसत होत्या. लीला एका गाठीवर पाय टाकून गाढ झोपली होती. जॉबरभाऊ दारालाच बसले होते. उठून बाहेर आले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

"झालं का, बाई?"

"ऑर्डर मिळाली, भाऊ."

त्यांचे डोळे चमकले. पण पुढचंही जे जसं ऐकलं होतं, ते तसं सांगितलं.

"म्हंजे जे मशीनवर होते, तेवढेच?"

"तेवढेच."

"अन् लीला?"

"तीपण नाही."

"लीला त साऱ्यायत तेज आहे, बाई! एकटी तिघीयचं काम करते!"

"पण त्यांनी तिला बघितलंच नाही ना, भाऊ."

"तिचे पाय सुजले होते," ते म्हणाले. "मीच बसवलं तिले." हे वाक्य ते दोनदा म्हणाले. मग एकदम केबिनच्या दिशेने निघाले. "मी सांगतो त्या साहेबाले. म्हनतो, चूक माही आहे. हे समदे आमचेच मानसं आहे, मीच लपवले होते."

मी त्यांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. म्हटलं, "सांगाल तर ऑर्डर जाईल. मग आत ज्या बायका मघापासून धावताहेत, त्यांचंही काम जाईल. सगळ्यांचंच जाईल." मला हे बोलताना स्वतःचीच चीड येत होती, पण ते खरं होतं. ते थांबले. गिरणी चालू होती, तिचा आवाज इथवर येत होता.

मग ते आत गेले. मी दाराशीच होते.

"गेले का पाहुने?" कोणीतरी कुजबुजलं.

"ऑर्डर भेटली," जॉबरभाऊ म्हणाले, आणि लगेच ओठावर बोट ठेवलं. सगळ्यांनी आवाज न करता हात वर केले. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. लीला जागी होऊन विचारू लागली, काय झालं, काय झालं, आणि तिच्या कानात कोणी सांगितल्यावर तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून घेतलं.

"पाहुने अजून आहे. मांगून निंगायचं. चूप," ते म्हणाले.

मागच्या कुंपणाची तार एका ठिकाणी वाकलेली होती. एकेक जण तिच्याखालून निघाला. त्यांना तो अजून खेळच वाटत होता. वाकून, एकमेकांना ढोसत, चपला हातात घेऊन सगळे उघड्या काळ्या रानात उतरले. कोणाचं तरी लुगडं तारेत अडकलं, तशी पुन्हा खसखस पिकली. जॉबरभाऊ शेवटी होते. मी त्यांना विचारलं, "सांगितलं नाहीत?"

"अंदर सांगतलं त कोनी रडन, बाई. आवाज तिकडं जाईन. नाल्याच्या पल्याड नेतो, मंग सांगतो."

आणि ते तारेखालून निघाले. मी तिथे उभी राहून बघत होते. ऊन रणरणत होतं. रांग पुढे जात होती, ते मागून चालले होते आणि दर थोड्या वेळाने पुढच्यांना हाताने खूण करत होते, हळू, हळू. नाला लांब होता. तिथून पुढचं मला दिसलं नाही, ऐकूही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेटवर त्या चष्मेवाल्याने नेमलेला माणूस खुर्ची टाकून बसला होता. जॉबरभाऊ आले नाहीत. मॅनेजरसाहेब म्हणाले, "जॉबर त्या हिशेबात नाही, तो लागतोच. त्याला आणा." जीप धाडली. दुपारी ड्रायव्हर एकटाच परत आला.

"काय म्हणाला?"

ड्रायव्हरने जीपची किल्ली टेबलावर ठेवली. "भाऊ म्हनते, साहेबाले सांग, मी बी गोदामातच होतो."

"आणि?"

"आनखी काई नाई म्हनलं. गोदामातले समदे त्याच्याच अंगनात बसून होते, साहेब."

मॅनेजरसाहेबांनी मान हलवली आणि ते केबिनमध्ये गेले. मी माझ्या खोलीत आले. तासाभराने नव्या ऑर्डरचं पहिलं सूत तपासायला आलं. मी ते दोनदा तपासलं, कुठेतरी खोट निघावी म्हणून. निघाली नाही. सूत चांगलं होतं. मी पास म्हणून लिहिलं, आणि मग दार लावून घेऊन रडले.